कंट्रोलरची दाढ

गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी डॉक्टरांपुढे कधी ना कधी आ केला होता. पोस्टमनने केला होता, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी केला होता, समोरच्या वकिलांनी तर दोनदा केला होता, एकदा दाढ दाखवायला आणि एकदा बिल बघून. राहिलं होतं एकच तोंड, आणि ते नेमकं डॉक्टरांच्या स्वतःच्या घरात होतं. दवाखाना तळमजल्यावर, घर वरच्या मजल्यावर, मध्ये अठरा पायऱ्या. त्या अठरा पायऱ्या उतरून जावयाच्या खुर्चीत बसायला सासूबाई अकरा वर्षांत एकदाही तयार झाल्या नव्हत्या.

त्याला कारण होतं. चोवीस वर्षांपूर्वी, कुठल्याशा दुसऱ्या गावी, कुठल्याशा दुसऱ्या डॉक्टरने त्यांची दुखरी दाढ सोडून तिच्या शेजारची धडधाकट दाढ उपटली होती. दुखरी जागच्या जागी राहिली आणि यथावकाश आपण होऊन गप्प बसली. सासूबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. ही हकीकत त्या पाहुण्यांना सांगत, शेजारणींना सांगत, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला सांगत, आणि जावई समोर बसलेला असला की जरा मोठ्या आवाजात सांगत. शेवट ठरलेला असे. "आणि वर म्हणतो कसा, तीच होती म्हणून." डॉक्टरांना त्यातलं 'उपटली' एवढंच ऐकू येई. पुढचं ऐकायला ते खोलीत थांबतच नसत.

वास्तविक डॉक्टर उपटणाऱ्यांतले नव्हतेच. दात वाचवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. इतर कुणीही आशा सोडलेल्या दातावर ते दोन-दोन तास वाकून बसत आणि शेवटी त्याला उभा करूनच कंबर सरळ करत. दवाखान्याच्या दारावर त्यांनी पाटी लावली होती, 'दात काढणे हा शेवटचा उपाय.' सासूबाई भाजी आणायला जाताना ती पाटी रोज वाचत आणि रोज म्हणत, "म्हणजे उपाय आहेच."

गेले तीन आठवडे सासूबाई उजव्या बाजूनेच चावत होत्या. बिस्किट चहात बुडवल्याशिवाय तोंडात घालत नव्हत्या. त्यांच्या आसपास लवंगेचा वास दरवळत होता. डॉक्टरांच्या नजरेतून असलं काही सुटणं शक्यच नव्हतं. डावी बाजू, खालची, हे त्यांनी जेवणाच्या टेबलावरून नुसतं बघून ओळखलं होतं. मंगळवारी डावा गाल किंचित वर आलेला दिसला तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्या गालाच्या आत काय चाललं असेल ते त्यांना माहीत होतं, आणि ते आणखी पसरलं तर काय होईल तेही माहीत होतं.

"आई, जरा बघू का?" त्यांनी विचारलं.

"काय बघायचंय? तोंड आहे. त्यात दात आहेत."

"नुसतं बघतो. हात लावत नाही."

"त्यानेही असंच म्हटलं होतं."

डॉक्टरांच्या बायकोने तर केव्हाच हात टेकले होते. "ती माझं ऐकत नाही," ती म्हणाली, "तुझं काय ऐकणार? तू तर डेंटिस्ट आहेस."

आता या सगळ्यात कंट्रोलर कुठून आला ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या डॉक्टरने सांगितलं, बोटं हलती ठेवा. लेकीने टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला, बरोबर बिनवायरचा कंट्रोलर. बोटं महिन्याभरात बरी झाली, पण तोवर सासूबाईंना मोटारींच्या शर्यतीची चटक लागली होती. दर शनिवारी दुपारी चार वाजता त्या दुसऱ्या शहरात राहणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीशी शर्यत लावत. धाकटीचं वय सदुसष्ट. एरवी एकमेकींची तब्येत विचारणाऱ्या या दोघी बहिणी चार ते साडेचार या वेळात एकमेकींना कठड्यावर ढकलत, दरीत पाडत आणि वर खिदळत. खालती दवाखान्यात ड्रिलच्या आवाजातूनही ते ऐकू येई.

शर्यतीत डाव रंगला की सासूबाई दात घट्ट आवळत. दाढेचं दुखणं तिथेच बळावलं असावं. शिवाय खेळताना शेजारी जॅम लावलेली बिस्किटं लागत, आणि बोटांचा जॅम कंट्रोलरच्या बटणांना लागे. घरातल्या कुणाचं त्यामुळे काही अडत नव्हतं. अडत होतं फक्त डॉक्टरांचं. जो माणूस दिवसातून चाळीसदा हात धुतो आणि चिमटेसुद्धा वाफेत उकडून काढतो, त्याला टीव्हीशेजारची ती चिकट वस्तू रोज बघावी लागत होती. त्यांना जेवण जात नव्हतं.

मागच्या रविवारी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि डॉक्टरांनी संधी साधली. आधी त्यांनी कंट्रोलर फक्त पुसला. पण जॅम बटणांच्या फटीत होता. मग दवाखान्यातला निर्जंतुक करायचा फवारा आणून मारला. जॅम पातळ झाला आणि आणखी आत गेला. आता तिथेच थांबायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. पण डॉक्टरांच्या दवाखान्यात एक छोटं स्टीलचं टाकीसारखं मशीन होतं. त्यात औषधी पाणी घालून बटण दाबलं की पाणी बारीक थरथरतं आणि अवजारांच्या सांदीकोपऱ्यातली घाण आपोआप सुटते. बटणांपुरता तर बुडवायचाय, डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली. त्यांनी कंट्रोलर पालथा धरला आणि मशीन सुरू केलं.

कंट्रोलर लख्ख निघाला. फक्त नंतर तो कधी सुरू झाला नाही.

डॉक्टरांनी तो हवेच्या फवाऱ्याने वाळवला, टीव्हीशेजारी होता तसाच ठेवला आणि पेपर तोंडासमोर धरून बसले. संध्याकाळी सासूबाईंनी मधलं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, चार्जिंगला लावून बघितला, उलटा करून आपटला, नाकाशी नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "गेला हा."

"अरेरे," पेपरामागून आवाज आला. तो इतका खोटा होता की बायकोने मान वळवून बघितलं.

आठवडा तसाच गेला. नवा आणू, असं लेकीने म्हटलं, तर सासूबाई नको म्हणाल्या. त्यांच्या अंगठ्याला याचीच सवय होती. शुक्रवारी जेवताना त्यांनी घास डावीकडे चुकून सरकवला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला.

"आई, आता पुरे. उद्या सकाळी खाली या."

सासूबाईंनी डोळे उघडले आणि जावयाकडे बराच वेळ पाहिलं. मग टीव्हीकडे बोट केलं.

"जावईबापू, तो बघा. तोही बिचारा आठवडाभर तोंड मिटून पडलाय. त्याला तुम्ही बरा करून दाखवा. तुम्ही स्वतः, बाहेर नाही द्यायचा. उद्या चारच्या आत तो चालू झाला तर खाली येते आणि आ करते."

"पण आई, मी दातांचा डॉक्टर आहे."

"आणि मी दातांचीच पेशंट आहे. बारीक काम ते बारीक काम. हातात गुण असेल तर दिसेल."

बायको पाण्याच्या पेल्यात हसली. डॉक्टर हसले नाहीत. सासूबाई दिलेला शब्द मोडत नसत, हे त्यांना माहीत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या तोंडाचं दार किलकिलं झालं होतं आणि मध्ये फक्त एक कंट्रोलर होता. तो मेला कुणामुळे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. निदान त्या माणसाची तशी समजूत होती.

शनिवारी सकाळी पहिला पेशंट समोरच्या दुकानातला टीव्ही-रेडिओचा मेकॅनिक होता. हे डॉक्टरांचं नशीब. मेकॅनिकचं नशीब असं की त्याच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल होतं आणि त्याची पाचावर धारण बसली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बधिर व्हायला दहा मिनिटं लागतील म्हणाले, आणि पलीकडच्या ट्रेवर हिरवं कापड पसरून त्यावर कंट्रोलर ठेवला. मोठा दिवा ओढला. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला. मदतनीस ताईने सवयीप्रमाणे हातमोजे पुढे केले आणि ते त्यांनी घातलेही.

मागचे चार स्क्रू निघाले, पण झाकण काही सुटेना. डॉक्टरांनी फटीत एक चपटं अवजार सरकवलं आणि हलकेच पिळलं.

"मोठा आ करा," ते कंट्रोलरला म्हणाले.

ताईने मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. झाकण कटकन उघडलं, आतून दोन बारीक स्प्रिंगा उडाल्या, एक ताईच्या केसात अडकली आणि दुसरी चूळ भरायच्या भांड्यात पडली. खुर्चीतला मेकॅनिक, जो इतका वेळ डोळे घट्ट मिटून होता, त्याने एक डोळा उघडला.

"काय करताय?"

"काही नाही. घरचा पेशंट आहे."

मेकॅनिकने दुसराही डोळा उघडला. आतला हिरवा सर्किट बोर्ड दिव्याखाली चमकत होता. डॉक्टरांनी तोवर बोर्डाचा एक्स-रे काढायचं ठरवलं होतं आणि ताईने तो काढलाही. पडद्यावर फार सुरेख चित्र आलं. शंभरेक ठिपके, रेषा, बारीक बारीक ठोकळे.

"छान आलाय," मेकॅनिक म्हणाला. "फ्रेम करून लावा भिंतीवर. मीटर आहे का मीटर?"

मीटर नव्हता. मेकॅनिकची भीती एव्हाना पार पळाली होती. आपल्या धंद्यातलं काही चुकीचं होताना बघून माणूस स्वतःचं दुखणं विसरतो, तसं त्याचं झालं. त्याने दुकानाची किल्ली ताईच्या हातात ठेवली आणि मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि हवी तेवढीच वीज सोडणारा सप्लायचा निळा डबा आणायला सांगितलं. ताई बाहेर पडली तेव्हा बाहेर बसलेल्या वकिलांनी विचारलं, "अजून किती वेळ?"

"ऑपरेशन चाललंय," ताई म्हणाली.

"कोणाचं?"

"सासूबाईंचं," असं म्हणून ती रस्ता ओलांडून गेली. वकील आ वासून बघत राहिले. तो त्यांचा तिसरा.

ताई सामान घेऊन आली तोवर मेकॅनिकचा डावा गाल पूर्ण बधिर झाला होता. शब्द उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडत होते आणि बरोबर लाळही. शेवटी त्याने डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शनचं पॅड ओढून घेतलं आणि लिहून सांगायला सुरुवात केली. 'आधी बॅटरी,' त्याने लिहिलं. डॉक्टरांनी मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. बॅटरी ठणठणीत होती. 'आता वीज कुठपर्यंत पोचते ते बघा.' वीज बॅटरीपासून निघत होती आणि दोन पावलांवर नाहीशी होत होती. मग मेकॅनिकने मीटर वेगळ्या खुणेवर ठेवायला लावला आणि एक सुई इथे, दुसरी तिथे, अशी बोटाने दाखवली. मीटर पीं करून वाजला.

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. 'शॉर्ट,' त्याने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग त्याने बोर्ड स्वतःच्या हातात घेतला, भिंगाचा चष्मा मागून घेऊन डोळ्यांवर चढवला आणि एका कडेला जमलेला पांढुरका थर नखाने खरवडला. या वेळी त्याने लिहिलं नाही, कष्टाने बोलला. "यात पाणी गेलंय. कोणी धुतला होता की काय?"

मदतनीस ताईने डॉक्टरांकडे बघितलं. सोमवारी सकाळी अवजारं धुवायच्या मशीनमध्ये तिला बिस्किटाचा चुरा तरंगताना सापडला होता. तिने तेव्हा विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही.

"चहा सांडला असेल," डॉक्टर म्हणाले. "आमच्या आई चहा घेता घेता खेळतात."

म्हणून मोकळे झाले. पण तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं वाटलं त्यांना. एक तर स्वतः बुडवायचं आणि वर म्हाताऱ्या माणसावर ढकलायचं. त्यांनी विषय झटकला आणि बोर्डावर वाकले.

मेकॅनिकने चित्र काढून समजावलं. विजेच्या वाटेवर अकरा कपॅसिटर, मुंगीच्या डोक्याएवढे, तपकिरी, सगळे एकसारखे. त्यातला एकच आतून खराब झालाय, पण मीटर लावाल तिथे वाजणार. सगळेच दोषी दिसणार.

"कळलं," डॉक्टर एकदम उजळले. "एक दाढ किडते आणि अख्खा जबडा ठणकतो. पेशंटला विचाराल तर तो भलतीच दाखवतो."

मेकॅनिकने जोरजोरात मान हलवली, कारण आठवड्यापूर्वी त्याने स्वतः तेच केलं होतं.

"मग नेमकी कोणती ते कसं ओळखायचं?"

इथे मेकॅनिकने पॅडचं नवं पान घेतलं. 'स्पिरिट लावा. डब्यातून थोडी थोडी वीज सोडा. जो बिघडलाय तो तापेल. त्याच्यावरचं स्पिरिट आधी उडेल.'

स्पिरिटला डॉक्टरांकडे काय तोटा. ताईने कापसाच्या बोळ्याने बोर्ड पुसून ओला केला. निळ्या डब्याची चकती मेकॅनिकने एका बोटाने फिरवली. तिघं जण बोर्डावर वाकले, तिघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि मग तिघंही श्वास धरून बघू लागले. अकरा ठिपके ओले होते. अकरा, अजून अकरा. मग डावीकडून सातव्यावरचं स्पिरिट आक्रसलं आणि बघता बघता तो ठिपका कोरडाठाक झाला. शेजारचे दोघे ओलेच होते.

"सातवा," डॉक्टर कुजबुजले.

'उपटा,' मेकॅनिकने लिहिलं.

डॉक्टर सरळ उभे राहिले. "वाचवता नाही येणार?"

मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं, दारावरच्या पाटीकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "तो काय दुधाचा दात आहे?" त्याने उजव्या कोपऱ्यातून विचारलं. "बाकीचे दहा सांभाळून घेतात. काढा."

डॉक्टरांनी वीज बंद केली, स्पिरिट पुरतं उडू दिलं आणि आयर्न हातात घेतला. तेवढ्यात त्यांच्या कानात सासूबाईंचा आवाज घुमला, शेजारची धडधाकट उपटली. सहावा आणि आठवा डोळ्यांत जीव आणून त्यांच्याकडे बघतायत असं त्यांना वाटलं. त्यांनी डावीकडून मोजलं, सात. उजवीकडून मोजलं, पाचवा, म्हणजे तोच. ताईला मोजायला लावलं. मग मेकॅनिक म्हणाला, "घाबरू नका. खांदे सैल सोडा. नाकाने श्वास घ्या." हेच शब्द डॉक्टरांनी त्याला सकाळी सांगितले होते.

आयर्नचं टोक टेकलं, कथील पाघळलं, चिमट्याने ठिपका उचलला. आजूबाजूच्या कशालाही धक्का लागला नाही. मेकॅनिक बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. "हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला, आणि आपण कुणाच्या खुर्चीत बसलोय हे आठवून त्याला बराच धीर आला. लहान मुलांचे पडलेले दात घरी न्यायला डॉक्टर छोटी पाकिटं ठेवत. काढलेला ठिपका त्यांनी हाताच्या सवयीने तशाच एका पाकिटात टाकला.

मीटर आता वाजला नाही. बॅटरी जोडली, बटण दाबलं आणि बोर्डाच्या टोकाला निळा दिवा लागला. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात मेकॅनिकच्या गालावर थाप मारली. नशिबाने ती डावी बाजू होती.

नंतर मात्र दुपार कशी गेली ते कळलं नाही. मेकॅनिकचा बधिरपणा उतरला होता, त्यामुळे त्याला दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. वकिलांना सोमवारी बोलावलं. भांड्यातली स्प्रिंग सापडली, ताईच्या केसातली सापडायला वीस मिनिटं लागली. झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला हे कुणालाच सांगता येईना, म्हणून मेकॅनिकने तो खिशात टाकला आणि असं प्रत्येक वेळी होतं म्हणाला. चारला दहा कमी असताना डॉक्टर कंट्रोलर घेऊन अठरा पायऱ्या दोन-दोन करून चढले.

सासूबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांनी बटण दाबलं, दिवा बघितला, कंट्रोलर नाकाशी धरला आणि टीव्हीसमोर जाऊन बसल्या. डॉक्टर खाली आले. मेकॅनिकच्या दाढेत औषध भरून त्यांनी त्याला कापूस चावत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. चार वाजून पाच मिनिटांनी वरून पहिली आरोळी आली. साडेचारला सगळं शांत झालं. मग जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर मनातल्या मनात मोजत होते. अठरा झाली आणि दार उघडलं.

सासूबाईंच्या हातात कंट्रोलर होता. "धाकटीला दरीत घातलं," त्या म्हणाल्या. "तीनदा." आणि सरळ जाऊन खुर्चीत बसल्या.

डॉक्टरांनी दिवा ओढला. आयुष्यात हजारो तोंडं बघितलेला माणूस, पण त्यांना परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. "आई, मोठा आ करा."

सासूबाईंनी तोंड मिटलेलंच ठेवलं. "आधी सांगा, याला झालं काय होतं?"

"एक बारीकसा भाग आतून गेला होता. तो काढला." डॉक्टरांनी पाकीट पुढे केलं. सासूबाईंनी भिंगाचा चष्मा मागून घेतला आणि तळहातावरचा तो ठिपका नीट न्याहाळला.

"हाच कशावरून?"

"मोजला. दोन्ही बाजूंनी. ताईंनीही मोजला."

ताईने मान हलवली. कोपऱ्यातून मेकॅनिकनेही हलवली.

"आणि हा बिघडला कशाने?"

चहा म्हणायचं, की झालं. मेकॅनिकला ते आधीच पटलं होतं. 'चहा' म्हटलं की पुढच्या क्षणी ते तोंड उघडणार होतं आणि दुखणं थांबणार होतं. खरं सांगितलं तर अकरा वर्षांनी खाली आलेल्या सासूबाई उठणार, अठरा पायऱ्या चढणार आणि पुन्हा लवंग दाबून बसणार. उद्या-परवा ती सूज गळ्यापर्यंत उतरली तर? त्यांनी चहा म्हणण्यासाठी तोंड उघडलं. समोर तो सुजलेला गाल होता, आणि त्या गालाकडे बघून त्यांना ते म्हणता येईना.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "मी धुतला."

मेकॅनिकने चावलेला कापूस गिळता गिळता वाचवला.

"कशात?"

"अवजारं धुवायच्या मशीनमध्ये."

"किती वेळ?"

"तीन मिनिटं." डॉक्टर घुटमळले. "दोनदा. सकाळी यांना मी सांगितलं, तुम्ही चहा सांडला म्हणून. तेही खोटं."

सासूबाईंनी भिंगाचा चष्मा काढून ताईच्या हातात दिला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी हा हातात घेतला, तर पुदिन्याचा वास. आठवडाभर येतोय. या घरात पुदिन्याचा वास एकाच माणसाच्या अंगाला येतो."

डॉक्टरांनी आपली बाही नाकाशी नेली. त्यांना काहीच वास आला नाही. दवाखान्यातल्या त्या औषधी पाण्याला पुदिन्याचा वास असतो, हे बाटलीवर लिहिलेलं असूनही ते वीस वर्षांपूर्वीच विसरले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी का बोलायचं? धुतला तुम्ही." सासूबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "त्या माणसाने माझी चांगली दाढ काढली, जावईबापू, ते मी माफही केलं असतं. हात चुकतो माणसाचा. माझी गाडी रोज कठड्यावर आदळते. पण त्याच्या हातात माझी धडधाकट दाढ, माझ्या तोंडात दुखरी ठणकतेय, आणि तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणतो, तीच होती. तेव्हापासून भीती वाटते मला. चिमट्याची नाही."

ती हकीकत डॉक्टरांनी शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा अर्ध्यातच उठून गेले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. त्यांनी मास्क जरा वर ओढला.

"डावीकडची, खालची, शेवटून दुसरी," सासूबाई म्हणाल्या. "नीट मोजा."

आणि मान मागे टेकवून त्यांनी आ केला.

डॉक्टर वाकले. दुखऱ्या दाढेच्या शेजारी चोवीस वर्षांची मोकळी जागा होती. त्यांनी मागून मोजलं, मग पुढून मोजलं, मग आरशाच्या दांड्याने अगदी हलकेच टकटक केलं. सासूबाईंच्या अंगठ्याने मांडीवरच्या कंट्रोलरचं ब्रेकचं बटण करकचून दाबलं.

"हीच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण काढायची नाही, आई. वाचेल ही."

आणि इंजेक्शन हातात घेण्याआधी त्यांनी ताईला बोलावून आणखी एकदा मोजायला लावली.